टक्के नकोत, वर्ग विचारा

प्रति,
गोव्याच्या क्रीडा खात्याचे व क्रीडा प्राधिकरणाचे अधिकारी,
दिव्यांगजन आयुक्तांचे कार्यालय,
आणि बाराही तालुक्यांतल्या क्रीडा संघटना

विषय : आंतरराष्ट्रीय पॅरा स्पर्धांसाठी सत्काराच्या आधी करायची कामे

महोदय/महोदया,

रिओत ४, टोकियोत १९, पॅरिसमध्ये २९. तीन पॅरालिम्पिकमधली भारताची ही पदके आता शाळेतली पोरेही धडाधड सांगतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दिल्लीत जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली, तिथे आणखी २२ आली. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, राष्ट्रीय पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा आपल्या बांबोळीलाच भरली होती. पर्पल फेस्टमुळे दिव्यांगांची दखल घेणारे राज्य म्हणून गोव्याचे नाव बाहेरदेशी पोचले आहे. तेव्हा ‘गोव्यात वातावरण नाही’ ही सबब आता खपणार नाही. वातावरण आहे. कमी आहे ती पूर्वतयारी. ती कंटाळवाणी असते आणि तिचा फोटो निघत नाही, म्हणून मागे पडते.

हे पत्र त्या कंटाळवाण्या कामांबद्दल आहे. प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, गाइड धावपटू आणि तांत्रिक पंच अशा आम्ही मंडळींनी ते मिळून लिहिले आहे.

आधी एक सवय मोडावी लागेल. निवड चाचणीच्या टेबलावर खेळाडू आला की पहिला प्रश्न असतो, ‘टक्के किती?’ युडीआयडी कार्डावरचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावरचा, आकडा बघून नाव लिहिले जाते. चाळीस टक्क्यांची अट सवलती आणि नोकरीतल्या आरक्षणासाठी ठीक आहे. आंतरराष्ट्रीय मैदानावर त्या आकड्याला काडीची किंमत नाही. तिथे विचारतात तो वर्ग. तुमच्या शरीराचा कोणता भाग, किती, कोणत्या कारणाने काम करत नाही आणि त्याचा त्या खेळातल्या हालचालीवर काय परिणाम होतो, यावरून तो ठरतो. ऐंशी टक्क्यांचा माणूस अपात्र ठरू शकतो आणि पंचेचाळीसवाला पात्र.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो कर्णबधिर मुलांचा. शंभर टक्के बहिरेपणा असला तरी पॅरालिम्पिकमध्ये त्यांना जागा नाही; तिथे पात्र धरलेल्या दहा प्रकारच्या दोषांत बहिरेपणा येतच नाही. त्यांची वाट डेफलिम्पिक्सची. ती चळवळ १९२४ पासूनची, म्हणजे पॅरालिम्पिकपेक्षा जुनी. तिथे चांगल्या कानाची श्रवणहानी ५५ डेसिबल किंवा त्याहून जास्त असणे ही अट आहे, आणि स्पर्धेच्या वेळी कानातले यंत्र काढून ठेवावे लागते. स्पेशल ऑलिम्पिक्स ही आणखी तिसरी गोष्ट. ती बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे आणि तिचा भर सहभागावर आहे. पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक दिव्यांगांना अ‍ॅथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिस एवढेच खेळ खुले आहेत, आणि त्यांतही मोजकेच प्रकार. दीप्ती जीवनजीने पॅरिसमध्ये ४०० मीटरचे कांस्य मिळवले ते टी २० या वर्गात (टी म्हणजे धावण्या-उड्यांचे वर्ग, एफ म्हणजे फेकीचे; पुढचा आकडा दोषाचा). चुकीच्या दारात उभे राहून पोराची चार वर्षे वाया जातात, आणि दार चुकीचे आहे हे सांगणारे कोणी नसते.

आता वर्गाकडे. यातला बराचसा भाग तालुका पातळीवर, शिवणकामाच्या टेपने तपासता येतो. ठेंगणेपणाचा वर्ग घ्या. टी किंवा एफ ४१ साठी पुरुषाची उंची १४५ सेंटिमीटर किंवा कमी, हाताची लांबी ६६ किंवा कमी, आणि दोन्हींची बेरीज २०० च्या आत लागते. बाईसाठी हेच आकडे १३७, ६३ आणि १९० आहेत. उंची बसते पण हात लांब, म्हणून बाद, असे होते. शाळेचे मास्तर मात्र नुसती उंची बघून मुलाला भरीला घालतात. पायांच्या लांबीतला फरक अ‍ॅथलेटिक्समध्ये निदान ७ सेंटिमीटर हवा. तो उभे करून, टाचेखाली वह्या सरकवून मोजायचा नसतो. खेळाडूला उताणे झोपवायचे, कमरेच्या हाडाचे पुढचे टोक बोटाने शोधायचे आणि तिथून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत टेप धरायचा. दोन्ही पाय, तीन-तीन वेळा. कंबर तिरकी असली की उभ्याने मोजलेला फरक फुगतो. तालुक्यात साडेसात आणि तपासणीत साडेपाच निघाले की मुलाचा चेहरा बघवत नाही. एका हाताची दोन-तीन बोटे गेलेल्याला प्रमाणपत्र मिळू शकते, पण अ‍ॅथलेटिक्सच्या किमान निकषाला तेवढे पुरत नाही. हे त्याला पहिल्या दिवशी सांगणे हीच माणुसकी.

दृष्टिदोषाचे कागद सर्वांत जास्त फिरून येतात. आपले नेत्रतज्ज्ञ ६/६० किंवा ‘बोटे मोजता येतात’ असे लिहितात. आंतरराष्ट्रीय फॉर्मला लॉगमार मापात आकडा लागतो; त्यात आकडा वाढतो तशी नजर कमी. ६/६० म्हणजे लॉगमार १.०, आणि तिथून खरे तर पात्रतेला सुरुवात होते. १.० ते १.४ हा १३ क्रमांकाचा वर्ग, १.५ ते २.६ हा १२ चा, त्याहूनही कमी दिसत असेल तर ११. दृष्टी बरी पण दृष्टिक्षेत्र आकसलेले असेल तर क्षेत्राच्या त्रिज्येवर वर्ग ठरतो : ५ अंशांहून कमी तर १२, २० अंशांहून कमी तर १३. इथे गोची अशी की दवाखान्यात काचबिंदूसाठी करतात ती मधल्या ३० अंशांची चाचणी चालत नाही, पूर्ण क्षेत्राची करावी लागते. सगळे आकडे चांगल्या डोळ्याचे आणि शक्य तेवढा चांगला चष्मा लावून घेतलेले हवेत. अहवाल बारा महिन्यांपेक्षा जुना नको. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत, असा खेळाडू कुठल्याच वर्गात बसत नाही. त्याला दरवर्षी कोणीतरी शिबिराला आणतेच.

हातापायांच्या दोषांसाठी मेडिकल डायग्नोस्टिक फॉर्म असतो. सगळे त्याला एमडीएफ म्हणतात. तो इंग्रजीत, नोंदणीकृत डॉक्टरच्या सही-शिक्क्यासह भरायचा. त्यात ‘पोलिओ’ किंवा ‘अर्धांग’ एवढे लिहून भागत नाही. पोलिओ असेल तर एकेका स्नायूची ताकद ० ते ५ या मापात, दोन्ही बाजूंची. पाठीचा कणा दुखावला असेल तर एमआरआय आणि इजा नेमकी कोणत्या मणक्यापाशी, संवेदना कुठवर, याची नोंद. खांद्याची नस तुटली असेल तर ईएमजी. हातपाय तुटला असेल तर एक्स-रे, कारण हाड कुठे संपते ते डोळ्यांनी दिसत नाही. स्नायूंचा ताठरपणा असेल तर अ‍ॅशवर्थ मापातला आकडा. बौद्धिक दोष असेल तर बुद्ध्यांक ७५ किंवा कमी, रोजच्या व्यवहारात लक्षणीय अडचण आणि सुरुवात वयाच्या २२ वर्षांआधी, हे तिन्ही दाखवणारा मानसशास्त्रज्ञाचा अहवाल. त्यात चाचणीचे नाव आणि प्रत्येक भागाचे गुण हवेत. नुसता एकूण आकडा परत येतो. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वर्गीकरण संहितेत तर मुळातला आजार कागदावर सिद्ध झाल्याशिवाय पुढची तपासणीच होत नाही.

यावर उपाय महाग नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉमध्ये, महिन्यातून एक दुपार ठरवून अस्थिरोग, नेत्ररोग, मज्जासंस्था आणि मनोविकार या विभागांतला एकेक डॉक्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट पॅरा खेळाडूंच्या फायलींसाठी बसवावा. एका दुपारी पाच-सहा फायली नीट होतात. आज खेळाडू चार ओपीडींत चार वेगळे दिवस घालवतो. काणकोणहून येणाऱ्याला बांबोळीची एकेक खेप म्हणजे पासष्ट-सत्तर किलोमीटर जाऊन तेवढेच परत, आणि सोबत्याचा रोजही बुडतो. तिसऱ्या खेपेला तो येत नाही. मग आपण म्हणतो, मुलांत चिकाटी नाही.

फाइल तयार झाली म्हणजे वर्ग मिळाला असे नव्हे. राष्ट्रीय स्पर्धेत मिळालेला वर्ग देशापुरता असतो. आंतरराष्ट्रीय वर्ग मिळायला वर्ल्ड पॅरा अ‍ॅथलेटिक्सची मान्यता असलेल्या आणि वर्गीकरणाची सोय असलेल्या स्पर्धेतच जावे लागते, तेही त्या वर्षाचा परवाना आणि एसडीएमएस या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय नोंदप्रणालीतली नोंद आधी झालेली असेल तर. कागद तिथे स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधी चढवावे लागतात आणि ते राष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीमार्फतच चढतात. आदल्या आठवड्यात धावाधाव करून काही होत नाही. पूर्वी यासाठी दुबईसारख्या ठिकाणी जाणे भाग पडे. मार्च २०२५ मध्ये ग्रां प्री स्पर्धा पहिल्यांदा दिल्लीत झाली आणि खर्च एकदम आवाक्यात आला. भारतात अशी स्पर्धा असेल त्या वर्षी गोव्याच्या प्रत्येक तयार फाइलचा खेळाडू तिथे गेलाच पाहिजे. पदक मिळो न मिळो, वर्ग घेऊन यायचा. हा खर्च ‘निकाल नाही’ म्हणून लेखापरीक्षणात अडकू नये, अशी तरतूद नियमांतच करून ठेवा.

तपासणीत दोन-तीन तज्ज्ञांचे पथक आधी खाटेवर हातपाय तपासते, मग खेळाची हालचाल करायला लावते आणि गरज वाटली तर प्रत्यक्ष स्पर्धेत लक्ष ठेवते. वर्ग कायम झाला तर खेळाडू सुटला. ‘पुनर्तपासणी’ असा शेरा आला तर पुन्हा हजेरी, आणि काही वेळा ठरलेल्या वर्षीच. पथकाला सहकार्यात कसूर दिसली किंवा सांगणे आणि करणे जुळले नाही, तर तपासणी ‘अपूर्ण’ ठरते आणि खेळता येत नाही. टोकियोत भारताला थाळीफेकीत एफ ५२ वर्गात १९.९१ मीटरवर कांस्य मिळाले होते. दुसऱ्या दिवशी खेळाडू त्या वर्गाला अपात्र ठरला, पदक गेले, आणि पुढे चुकीची माहिती दिल्याच्या ठपक्यावरून बंदीही आली. म्हणून प्रशिक्षकांनाही इथे एक स्पष्ट सांगून ठेवायला हवे. ‘तपासणीत जरा कमी जोर लाव’ हा सल्ला हुशारीचा नाही. पथकातली माणसे हजारो हात दाबून बसलेली असतात.

एक खास गोव्यातली अडचण. पासपोर्ट, आधार, युडीआयडी आणि शाळेचा दाखला या चार ठिकाणी नावाची चार स्पेलिंगे असतात. नाईक कुठे पोर्तुगीज वळणाने लिहिलेला, कुठे इंग्रजी. आईचे नाव एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. एसडीएमएसमध्ये नाव पासपोर्टवरचेच लागते. दुसरे असे की पोर्तुगीज राष्ट्रीयत्व घेतलेल्याला भारताकडून खेळता येत नाही. घरच्यांनी लिस्बनला जन्मनोंदणी करून ठेवलेली असते आणि मुलाला त्याचा पत्ता नसतो. हा प्रश्न शिबिराच्या पहिल्या दिवशी विचारा, व्हिसाच्या वेळी नको.

आता लोखंडाकडे वळतो, कारण बसून फेकणाऱ्या खेळाडूची अर्धी फेक लोखंडात असते. गोळा, थाळी, भाला, क्लब, काहीही असो, एफ ३१ ते ३४ आणि ५१ ते ५७ या वर्गांतले खेळाडू फेकण्याच्या खुर्चीवरून खेळतात. सगळे तिला फ्रेमच म्हणतात. नियम मोजके आहेत पण निर्दय आहेत. बैठकीची उंची उशीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर नको. बैठक चौकोनी, प्रत्येक बाजू निदान ३० सेंटिमीटर. ती सपाट असावी किंवा मागे उतरती. पुढे कललेली नको. धरायचा दांडा एकसंध, सरळ, वाक नसलेला, गोल किंवा चौकोनी. कुठे स्प्रिंग नाही, हलणारा सांधा नाही. पावले टेकायच्या पट्टीसकट सगळी फ्रेम वर्तुळाच्या कड्याच्या आत बसली पाहिजे, आणि गोळ्याचे वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचे असते.

बिघडते ते असे. सरावाची फ्रेम ७४.५ सेंटिमीटरची बनवतात आणि नंतर मांडीखाली टोचते म्हणून जाडसर उशी चढवतात. तपासणीच्या खोलीत ती ७६ भरते. मग तिथेच उशी कापावी लागते आणि खेळाडूचे सगळे कोन बदलतात. म्हणून फ्रेम उशी धरून ७३ लाच थांबवा. दुसरे, स्वस्तात पडते म्हणून पातळ पाइप वापरतात. चाळीस बाय चाळीस मिलिमीटरचा, निदान दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घ्या. त्याहून हलका घेतला की फेकताना दांडा मुरगळतो, पंचाला तो वाकताना दिसतो आणि फेकीचा जोरही वाया जातो. तिसरे, वेल्डिंगचे फुगवटे घासलेले नसतात. पायाला संवेदना नसलेल्या खेळाडूची कातडी त्यावर फाटते आणि त्याला कळतसुद्धा नाही. संध्याकाळी कपड्याला रक्त दिसते आणि मग दोन-दोन महिने जखम भरत नाही. कडा गोल करा, मांडीच्या बाजूला दाट फोम लावा, सराव संपल्यावर आरशाने कातडी बघायची सवय लावा.

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत असली फ्रेम दोन दिवसांत बनवणारे कारागीर डझनावारी सापडतील. त्यांना हवे फक्त माप. पण ते माप त्या खेळाडूचेच हवे : गुडघ्यामागच्या खाचेपासून पाठीपर्यंत, नितंबाची रुंदी, बसलेल्या स्थितीत दांडा धरणाऱ्या हाताची पोच. एका फ्रेमवर पाच जणांना बसवणे म्हणजे एकाच मापाची चप्पल सगळ्या शाळेला वाटणे.

फ्रेम जमिनीला बांधावी लागते, आणि मैदानात त्याची सोय क्वचितच असते. सिंथेटिक ट्रॅकच्या शेजारच्या काँक्रीटच्या वर्तुळाभोवती चार ते सहा नांगर पक्के गाडून ठेवायचे, त्यांत ट्रकवाले माल आवळायला वापरतात तसले रॅचेट पट्टे अडकवायचे. ताणणारा पट्टा नको. नांगर नसले की दोन धडधाकट पोरे फ्रेमवर पाय देऊन उभी राहतात. सरावात ते चालते. स्पर्धेत फ्रेम पहिल्यांदाच पट्ट्यांवर जाते, किंचित मागे झुकते आणि पहिल्या तीन फेकी त्यातच जातात. शिवाय बसून फेकणाऱ्याच्या सगळ्या फेकी लागोपाठ होतात. उभ्याने फेकणाऱ्यासारखी मधली विश्रांती मिळत नाही. आपल्याकडे मात्र सराव रांगेत पाळी लावून करतात. मिनिटाला एक, अशा सलग सहा फेकी रोज घेतल्याशिवाय चौथ्या फेकीला खांदा का मरतो ते कळणार नाही.

ज्यांच्या बोटांत पकड नाही अशांसाठी क्लब थ्रो आहे. बाटलीच्या आकाराचा लाकडी दंडुका, खाली धातूची चकती, वजन निदान ३९७ ग्रॅम, लांबी ३५ ते ३९ सेंटिमीटर. पॅरिसमध्ये धरमबीरने ३४.९२ मीटर फेकून सुवर्ण आणि प्रणव सूरमाने रौप्य मिळवले ते याच प्रकारात. गोव्यात मानेच्या मणक्याला मार बसलेले तरुण कमी नाहीत. मोटारसायकल आणि माड दोन्ही आहेत. त्यांतले कितीतरी घरात खाटेवर आहेत, कारण या अवस्थेतही एक खेळ असतो हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. दहा-बारा क्लब घेऊन ठेवायला किती पैसे लागतात?

पॉवरलिफ्टिंगचेही तसेच. तिथे दोषानुसार वर्ग नाहीत, फक्त वजनगट आहेत. पण बाक वेगळा लागतो : २.१० मीटर लांब, ६१ सेंटिमीटर रुंद, डोक्याकडे निमुळता. उचलणाऱ्याचे पाय बाकावरच सरळ असतात आणि पट्ट्याने बांधता येतात. जिममधल्या अरुंद बाकावर पाय नसलेला माणूस बारच्या वजनाने कलंडतो, हे सांगायला तज्ज्ञ नको. असे दोन बाक, एक पेडे संकुलात आणि एक दक्षिणेत, एवढ्यावर सुरुवात होईल. बोचासाठी, म्हणजे पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ आपले चेंडू टाकायच्या खेळासाठी, तर १२.५ बाय ६ मीटरची सपाट फरशी आणि चिकटपट्टी पुरते. सहा लाल, सहा निळे, एक पांढरा चेंडू, प्रत्येक सुमारे २७५ ग्रॅमचा. तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंना पॅरालिम्पिकपर्यंत नेणारा हा खेळ आपल्या पावसाळ्यात हॉलमध्ये चारही महिने खेळता येतो.

हॉलचा विषय निघाला म्हणून. व्हीलचेअर आत आणू देत नाहीत, ‘लाकडी फरशीवर चाकांचे डाग पडतात’ म्हणून. काळ्या रबराने पडतात, खरे आहे. डाग न पाडणारे राखाडी टायर मिळतात आणि पॅरा बॅडमिंटनच्या खुर्चीला तेच असतात. हॉलच्या नियमावलीत ‘व्हीलचेअरला मनाई’ ऐवजी ‘डाग न पाडणारे टायर हवेत’ एवढी एक ओळ बदला. उतार १:१२ चा म्हणजे ६० सेंटिमीटरच्या जोत्याला ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. तीन मीटरमध्ये उरकलेला रॅम्प ही घसरगुंडी, आणि वर चकचकीत टाइल लावली की जूनमध्ये धडधाकट माणूसही पडतो. दिव्यांगांचे स्वच्छतागृह सामान ठेवायला वापरायचे आणि किल्ली रखवालदाराकडे, हा प्रकार तर सगळ्यांनीच पाहिला आहे. कॅथेटर वापरणाऱ्या खेळाडूला दर चार-सहा तासांनी स्वच्छ जागा लागते. ती नसली की तो पाणी प्यायचे सोडतो, मग लघवीचा संसर्ग, ताप, आणि सराव पंधरा दिवस बंद.

अंध धावपटूंची गोष्ट वेगळी, त्यांना माणूस लागतो. टी ११ मध्ये डोळ्यांवर अपारदर्शक पट्टी आणि सोबत गाइड अनिवार्य. दोघांना मिळून दोन लेन. आखूड, न ताणणाऱ्या दोरीने दोघांचे हात जोडलेले. गाइडने खेळाडूला ओढायचे नाही, ढकलायचे नाही आणि शेवटची रेघ त्याच्याआधी ओलांडायची नाही. पॅरिसच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना कोंगोस्ट शेवटच्या काही मीटरांवर होती. पेटके आलेल्या गाइडला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली आणि त्या दिवशी तिचे कांस्य काढून घेतले गेले. नियम इतका बारीक आहे. गाइड खेळाडूपेक्षा बराच वेगवान असावा लागतो, कारण त्याला धावता धावता बोलायचे असते : वळण, सरळ, वीस मीटर, छाती पुढे. दोघांचा हात एकाच लयीत हलायला महिने जातात. राज्य पातळीवरून नुकताच बाहेर पडलेला धावपटू यासाठी उत्तम. पण तो फुकट का येईल? गाइडला मानधन, बूट आणि प्रवासखर्च खेळाडूइतकाच द्या आणि त्याचे नाव आदेशात खेळाडूच्या शेजारी लिहा. पोहण्याच्या तलावावरही तेच. एस ११ च्या, म्हणजे अंध वर्गातल्या, पोहणाऱ्याला भिंत आली हे सांगणारा टॅपर लागतो, काठीच्या टोकाला मऊ गोळा लावून तो डोक्यावर किंवा पाठीवर टिचकी मारतो. अर्धा हात उशीर झाला तर डोके भिंतीवर. काठीची लांबी आणि टिचकीचे अंतर प्रत्येक पोहणाऱ्यासाठी वेगळे बसवावे लागते; ऐन वेळी उभा केलेला जीवरक्षक ते करू शकत नाही.

औषधांबद्दल थोडक्यात, पण हे दुर्लक्षिले की सगळेच बुडते. रक्तदाबाची फ्युरोसेमाइड, मधुमेहाचे इन्सुलिन, दम्यासाठी दिलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, यांना उत्तेजकविरोधी नियमांनुसार पूर्वपरवानगी लागते. अर्ज स्पर्धेच्या निदान ३० दिवस आधी, राष्ट्रीय पातळीवरचा खेळाडू असेल तर नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे. घरगुती चूर्ण आणि जिममधल्या डबा-पावडरीवर लेबलात नसलेले काय आहे ते कोणी सांगू शकत नाही. ती बंदच ठेवा. खेळाडू उत्तेजक चाचणीच्या नोंदवहीत गेला की रोज एक तास तो कुठे सापडेल ते कळवावे लागते. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की बंदी. टोकियोचा सुवर्णविजेता प्रमोद भगत याच कारणाने पॅरिसला मुकला. आपल्या वाड्यांतले घर क्रमांक पोस्टमनलाही सलग सापडत नाहीत, तर दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्याला कसे सापडणार? पत्त्यात देऊळ, क्रॉस, दुकान, फाटकाचा रंग, सगळे लिहायला शिकवा, आणि ही माहिती भरून देणारा एक माणूस खात्यात नेमा.

प्रवासात विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवायचे, फ्रेमचे सुटे भाग करून प्रत्येकावर खूण करायची, बोल्ट-पाना वेगळ्या पिशवीत, आणि उशी नेहमी हातातल्या सामानात. फ्रेम उशिरा आली तर दुसरी मागून मिळते. उशी मिळत नाही, आणि उशीवरच कोन अवलंबून असतो.

समुद्राच्या वाऱ्याने लोखंड खाल्ले जाते, हे गोव्यात सांगायची गरज नसावी. तरी दरवर्षी चवथीनंतर कुलूप उघडले की रॅचेट अडकलेले, बेअरिंग जाम आणि रेसिंग व्हीलचेअरचे स्पोक तांबूस झालेले. मेच्या शेवटी सगळे सामान पुसून, वंगण लावून, जमिनीपासून वर आणि कोरड्या खोलीत ठेवायचे. हे काम कोणाचे, ते आदेशात नावाने लिहा.

राहिला पैशांचा विषय. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या ३० व्या कलमाने सरकारवर क्रीडासहभागाची आणि प्रशिक्षणाच्या सोयींसाठी निधीची जबाबदारी टाकली आहे, तेव्हा ही मेहेरबानी नव्हे. पण निधी असूनही तो चुकीच्या वेळी येतो. पदकानंतर रोख बक्षीस, त्याआधी बिले जोडा मग परतफेड. ज्याच्या घरी पेन्शनवर चूल पेटते तो आधी लाखाची खुर्ची घेऊन नंतर बिल कसे जोडणार? वर्ग मिळालेल्या खेळाडूला साधने आगाऊ द्या, मालकी खात्याची ठेवा आणि दर सहा महिन्यांनी तपासा. पर्पल फेस्टला बाहेरून तज्ज्ञ येतात, त्यांच्यातले दोन दिवस वर्गीकरणाच्या पूर्वतपासणीसाठी मागून घ्या. त्यासाठी मांडव लागत नाही.

लॉस एंजेलिसची स्पर्धा १५ ते २७ ऑगस्ट २०२८ ला आहे. वेळ पुष्कळ वाटतो. उलटे मोजले तर फाइलला तीन-चार महिने, वर्गाला एक हंगाम, पुनर्तपासणीचा शेरा आला तर आणखी एक, आणि पात्रतेची कामगिरी त्याच वर्गात नोंदवायला उरलेला. मधले पावसाळे वजा करा.

येत्या अंदाजपत्रकाआधी तीन गोष्टींचे लेखी उत्तर, तारखेसह, मिळावे ही विनंती : गोमेकॉमधली मासिक दुपार कधीपासून, बांबोळी आणि फातोर्डा येथे फ्रेमचे नांगर कधी, आणि गाइड व टॅपर यांचे मानधन कोणत्या लेखाशीर्षातून. फ्रेमचे आराखडे, एमडीएफ भरायचा नमुना आणि तालुका तपासणीचा एक पानी तक्ता आमच्याकडे तयार आहे. मागाल त्या दिवशी आणून देऊ.

कळावे,

गोव्यातील पॅरा खेळांचे प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, गाइड आणि तांत्रिक पंच